रेफरन्समध्ये मामांचं नाव टाकू का?

पत्र असं आहे:

"ताई, मी डिप्लोमा मेकॅनिकल, वय २८. आधी नाशिकला अंबड एमआयडीसीत अडीच वर्षं आणि आता चाकणला एका व्हेंडर कंपनीत साडेतीन वर्षं क्वालिटीला आहे. रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीत दोन इंटरव्ह्यू झाले, चांगले झाले. आता एचआरने फॉर्म पाठवलाय, त्यात तीन प्रोफेशनल रेफरन्स मागितलेत, नाव, हुद्दा, कंपनी, ऑफिशियल ईमेल, मोबाइल. इथल्या साहेबांना कळलं तर माझं काही खरं नाही. नाशिकच्या मॅनेजरशी सोडताना वाजलं होतं, माझा हिशोब चार महिने अडकवला होता त्यांनी. पप्पा म्हणतात मामांचं नाव टाक, ते पाटबंधारे खात्यातून मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेत, वजन पडेल. मैत्रीण म्हणते माझं नाव टीम लीडर म्हणून टाक, फोन आला की मी बघते. डिप्लोमाच्या सरांना विचारलं तर चालेल का? सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. – क्वालिटीवाली, चाकण"

अगं क्वालिटीवाली, पत्र काल रात्री वाचलं आणि सोमवार जवळ आलाय म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुलाच लिहितेय. दोन इंटरव्ह्यूनंतर रेफरन्सचा फॉर्म आला म्हणजे तू त्यांना पसंत पडलीयेस हे आधी लक्षात घे, कारण फोन करत बसायला एचआरकडे पण वेळ नसतो, ज्याला घ्यायचा विचार पक्का होत आलाय त्याच्यासाठीच ते हे करतात. मी भोसरी आणि नंतर चाकण पट्ट्यात मिळून १४ वर्षं एचआरला काढलीत, असे फोन किती केले त्याची गणती नाही, त्यामुळे फोनच्या पलीकडच्या बाजूला काय चालतं ते तुला सांगू शकते.

आधी मामांचं. नको टाकू. पप्पांना वाईट वाटेल, पण त्यांना नीट समजावून सांग, कारण त्यांचं म्हणणं चुकीच्या हेतूने नाहीये, आपल्याकडे नोकरी म्हटलं की ओळख, चिठ्ठी, कुणीतरी शब्द टाकणं हेच वर्षानुवर्षं बघितलंय सगळ्यांनी, त्यामुळे रेफरन्स म्हटलं की घरच्यांच्या डोक्यात वशिलाच येतो आणि मग वजनदार माणूस शोधायला लागतात. पण रेफरन्स म्हणजे साक्षीदार गं. अपघात ज्याने बघितला त्याचीच साक्ष घेतात ना, गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची नाही घेत. मामा कितीही मोठ्या पोस्टवर असू देत, तू लाइनवर काम करताना त्यांनी कधी बघितलेलं नाही, आणि बऱ्याच फॉर्मवर तर सरळ लिहिलेलंच असतं की रेफरन्स नात्यातला नसावा.

मला आठवतंय, एका मुलाने असंच एका रिटायर साहेबांचं नाव दिलं होतं. मी फोन केला, साहेब इतके प्रेमाने बोलले की काय सांगू, मुलगा सोन्यासारखा आहे, आमच्या घरातलाच आहे म्हणाले. मी विचारलं काम कुठल्या मशीनवर करतो, तर ते गप्प झाले, म्हणाले ते तुम्ही त्यालाच विचारा. खोटं काहीच बोलले नाहीत ते, पण माझ्या कागदावर लिहायला एक ओळ मिळाली नाही. आणि "आमच्या घरातलाच" या शब्दाने त्या बिचाऱ्याच्या बाकीच्या दोन नावांवर पण आमच्या मॅनेजरला शंका यायला लागली.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलीसाठी फोन केला, तिने कुणा मोठ्या माणसाचं नाव दिलंच नव्हतं, शिफ्ट सुपरवायझरचं दिलं होतं. ते काका साधं मराठी बोलणारे, इंग्रजीचा पत्ता नाही, पण म्हणाले, "मॅडम, रात्री दोन वाजता पार्टचा बोअर, म्हणजे भोक, ओव्हरसाइज यायला लागला तेव्हा या पोरीने लाइन थांबवली, मी तिच्यावर ओरडलो कारण माझं प्रॉडक्शन अडलं होतं, सकाळी बघितलं तर तिचंच बरोबर होतं." बस्स. मी ते जसंच्या तसं मराठीत लिहून क्वालिटी हेडकडे पाठवलं आणि पुढे कुणी काही विचारलंच नाही. असा माणूस तुला शोधायचाय, ज्याला तुझ्या कामाची अशी एक तरी गोष्ट आठवतेय.

मैत्रिणीचं पण आत्ताच मिटवते. अजिबात नको. तिची माया कळते मला, पण हे फार पटकन उघडं पडतं, कारण व्हेरिफिकेशनवाले तू दिलेल्या मोबाइलवरच थांबत नाहीत, कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन करून विचारतात की या नावाची बाई तुमच्याकडे टीम लीडर होती का, लिंक्डइनवर बघतात, ऑफिशियल मेल आयडी मागतात. आणि पकडलं गेलं तर ऑफर तर जातेच, जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी कळलं तरी काढू शकतात, ऑफर लेटरमध्ये तसं कलम असतं, आलेलं लेटर नीट वाच. शिवाय तू क्वालिटीची आहेस गं. न मोजता रीडिंग भरलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट तू सही करून पुढे पाठवशील का? मग हे पण तसंच आहे.

आता तीन नावं कुठून आणायची. तुला वाटतंय की एका बाजूला इथले साहेब आणि दुसऱ्या बाजूला नाशिकचा मॅनेजर, म्हणजे दोन्ही दारं बंद. पण सहा वर्षांत तू फक्त या दोघांबरोबर काम केलेलं नाहीस. एक वही घे आणि आठवून आठवून लिही, तुझ्या कामावर कुणाकुणाचं काम अवलंबून होतं. प्रॉडक्शनचे इनचार्ज, डिस्पॅचवाले, पीपॅपच्या, म्हणजे नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायच्या फायली ज्यांच्याबरोबर बसून केल्यास ते डेव्हलपमेंटचे सिनियर, आयएटीएफच्या (गाड्यांच्या पार्टच्या क्वालिटी स्टँडर्डच्या) ऑडिटला तुझ्या शेजारी उभे होते ते क्यूएमएसवाले, म्हणजे क्वालिटी सिस्टिम सांभाळणारे. आता यातले कुणी गेल्या एक-दोन वर्षांत कंपनी सोडून गेलेत का ते बघ, आणि सगळ्यात आधी त्यांना धर. इथे सगळ्यात जास्त जोर देऊन सांगतेय, कारण आत्ताच्या कंपनीतून साक्षीदार हवा आणि साहेबांना कळायला पण नको या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात ते याच माणसाकडून. त्याने तुला इथेच काम करताना बघितलंय आणि तो आता इथे नाहीये. फॉर्ममध्ये त्याचा आत्ताचा हुद्दा आणि कंपनी लिही आणि कंसात स्पष्ट लिही की अमुक ते अमुक या काळात अमुक कंपनीत माझे सिनियर होते. हे लिहिलं नाही तर एचआरला कळत नाही की भलत्याच कंपनीतला माणूस तुझ्याबद्दल का सांगतोय.

कस्टमरकडच्या एसक्यूई, म्हणजे सप्लायरची क्वालिटी बघणाऱ्या लोकांचं नाव टाकायचा मोह तुला होईल, कारण एट-डी रिपोर्टच्या (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायच्या रिपोर्टच्या) निमित्ताने त्यांच्याशी रोजचं बोलणं असतं आणि कस्टमरनेच चांगलं म्हटलं तर त्याहून चांगली साक्ष कुठली. पण सध्याच्या कस्टमरचा माणूस नको. तो तुझ्या साहेबांशी आठवड्यातून चारदा बोलतो, त्याच्या तोंडून सहज जरी निघालं की तुमची मुलगी चाललीय वाटतं, तर संपलं. शिवाय रांजणगावची कंपनी आणि तो कस्टमर एकमेकांचे स्पर्धक असले तर त्याची पण पंचाईत. नाशिकच्या वेळच्या कस्टमरकडचा कुणी अजून संपर्कात असेल तर मात्र जरूर विचार.

म्हणजे माझ्या हिशोबाने तुझी तीन नावं अशी होतील: चाकणमधून सोडून गेलेले एक सिनियर, नाशिकचे प्रॉडक्शन किंवा डेव्हलपमेंटमधले एक, आणि तिसरं या दोघांपेक्षा वेगळ्या बाजूने तुला बघितलेलं कुणीतरी. तिन्ही नावं एकाच डिपार्टमेंटची नकोत. सोमवारपर्यंत दोघांचाच होकार आला तर दोनच भर आणि एचआरला कळव की तिसरं बुधवारपर्यंत देते, यात काही कमीपणा नाही, न विचारता घाईत टाकलेल्या नावापेक्षा ते शंभर पटीने बरं.

नाशिकच्या मॅनेजरचं नाव तू दिलं नाहीस तरी त्या कंपनीकडे चौकशी होणार हे धरून चाल. पण ती चौकशी बहुतेक वेळा त्यांच्या एचआरकडे जाते आणि एचआरवाले कोरडं सांगतात, जॉइनिंगची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा, कधीकधी पगार, आणि ड्यूज क्लिअर आहेत की नाही. पुष्कळ कंपन्यांची पॉलिसीच असते की याच्यापुढे काही बोलायचं नाही. त्यामुळे त्या माणसाचा राग तिथपर्यंत पोचेलच असं नाही. तरीपण रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा कागद हाताशी ठेव, हिशोब चार महिन्यांनी मिळाला तरी मिळालाय ना, मग त्याची बँक एंट्री पण काढून ठेव.

आणि पीएफच्या साइटवर तुझ्या यूएएन नंबरने (पीएफ खात्याच्या नंबरने) जाऊन सर्व्हिस हिस्टरी बघ, आज रात्रीच बघ. आजकाल तारखा सगळ्यात आधी तिथेच जुळवतात. नाशिकच्या कंपनीने एक्झिट डेट टाकलीच नसेल, आणि रागाने सोडलेल्या ठिकाणी हे फार होतं, तर तू एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला असल्यासारखं दिसतं. नोकरी सोडून दोन महिने होऊन गेले असले की ती तारीख स्वतः टाकता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, फक्त शेवटचा पीएफ ज्या महिन्याचा भरला गेलाय त्याच महिन्यातली तारीख ते घेतं. रिझ्युमेवर जी तारीख आहे ती याच्याशी ताडून बघ, एक महिन्याचा फरक पण विचारला जातो.

रांजणगावच्या एचआरने जर विचारलंच की आधीच्या मॅनेजरचं नाव का नाही, तर उत्तर तयार ठेव आणि ते दोन वाक्यांचंच ठेव. "शेवटच्या काही महिन्यांत आमचे मतभेद झाले होते, त्यामुळे माझं काम जवळून बघितलेल्या दुसऱ्या सिनियरचं नाव दिलंय, रिलीव्हिंग लेटर सोबत जोडलंय." इथे थांब. चार महिने पैसे अडकवले, कसे ओरडायचे, हे सगळं खरं आहे आणि तुझ्यावर अन्याय झालाय हे मला दिसतंय, पण एचआरच्या फोनवर ते काढलंस तर ऐकणाऱ्याला भांडणच लक्षात राहतं, तुझं काम नाही.

आताच्या साहेबांसाठी फॉर्ममध्ये करंट एम्प्लॉयरच्या रकान्यासमोर स्पष्ट लिही की ऑफर स्वीकारून मी राजीनामा दिल्यावरच संपर्क करावा, आणि फॉर्म पाठवताना मेलमध्ये पण तेच परत लिही, कारण फॉर्म भरून घेणारा एक असतो आणि फोन करणारी बाहेरची एजन्सी दुसरीच असते. हे मागणं अगदी नेहमीचं आहे, कुणी वाईट मानत नाही. फक्त एचआरला एक गोष्ट विचारून घे, जुन्या कंपनीचं आणि रेफरन्सचं व्हेरिफिकेशन मी राजीनामा टाकायच्या आधी पूर्ण कराल का. बऱ्याच जणी इथे अडकतात, इकडे राजीनामा टाकून नोटीस पिरियड सुरू होतो आणि तिकडे व्हेरिफिकेशन लटकलेलं असतं, ना इकडचं ना तिकडचं. शक्य तेवढं आधी उरकून घे, आताच्या कंपनीचं तेवढं रिलीव्ह झाल्यावर होऊ दे.

आता विचारायचं कसं. व्हॉट्सअपवर "सर तुमचं नाव देतेय हं" असं टाकून मोकळी होऊ नकोस. फोन कर. आणि प्रश्न असा विचार की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहील, "सर, तुम्ही माझं काम बघितलंय, मोकळेपणाने चांगलं सांगता येईल असं वाटतं का तुम्हाला? नसेल वाटत तर स्पष्ट सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारते." आवाजात जरा जरी अडखळणं जाणवलं, "हो हो, दे की, बघू" असं काही आलं, तर आभार मानून तिथेच सोडून दे. अर्ध्या मनाची साक्ष मी फोनवर खूप ऐकलीय, "ठीक होती, काम करायची" एवढंच म्हणतात आणि पलीकडचा माणूस त्याचा अर्थ वाईटच लावतो.

होकार आला की त्याच दिवशी त्यांना थोडक्यात लिहून पाठव. हा भाग सगळे टाळतात, आणि मग सर फोनवर म्हणतात, अरे हो, ती होती खरी, कुठल्या लाइनला होती बरं. माणसं विसरतात गं, त्यांच्या हाताखालून पन्नास जण गेलेले असतात. काहीसं असं लिही:

"सर नमस्कार, आज फोनवर बोललो त्याप्रमाणे. रांजणगावच्या कंपनीत क्वालिटी इंजिनीयरच्या पोस्टसाठी दोन राउंड झालेत, सप्लायर क्वालिटीचं काम आहे. मी तुमच्या हाताखाली अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत मशीनिंग लाइनला होते. तेव्हाची कामं: गेज कॅलिब्रेशनचं रजिस्टर नव्याने लावलं, कस्टमरची पोरॉसिटीची कंप्लेंट आली होती तिचा एट-डी मी केला होता, नवीन हाउसिंगच्या पीपॅपला तुमच्याबरोबर होते. पुढच्या आठवड्यात फोन किंवा मेल येईल, बहुतेक बाहेरच्या एजन्सीकडून. तुम्हाला कुठली वेळ सोयीची ते सांगा, मी तशी कळवते. आताच्या कंपनीत अजून सांगितलेलं नाही, तेवढं आपल्यातच राहू द्या."

यात त्यांनी काय बोलायचं ते तू शिकवत नाहीयेस हे बघ, फक्त त्यांची आठवण ताजी करतेयस. वाक्यं पाठ करायला देऊ नकोस, तिघांच्या तोंडून एकच वाक्य आलं की फोन करणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. आणि जे खरंच झालंय तेवढंच लिही, पीपॅपला तू फायली लावत होतीस तर फायली लावत होते असंच लिही.

वेळ मुद्दाम विचारायला सांगतेय कारण शॉप फ्लोअरवर बऱ्याच ठिकाणी मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि हातात असला तरी प्रेसच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार. एजन्सीवाले दोन-तीनदा फोन करतात, नाही उचलला तर "संपर्क होऊ शकला नाही" असा शेरा मारून मोकळे. अनोळखी नंबर तर आता कुणी उचलतच नाही, क्रेडिट कार्डवाले असतील म्हणून कट करतात. म्हणून फर्स्ट शिफ्टवाल्यांना दुपारी चारनंतर, जनरलवाल्यांना जेवणाच्या सुट्टीत, असं रेफरन्सच्या नावापुढे लिहून दे. एजन्सीचं नाव कळलं की तिघांनाही कळव, आणि मेल स्पॅममध्ये बघायला सांग, तिथेच जाऊन बसतात ते मेल.

आणखी एक, फोन करणारा बेंगळुरूचा नाहीतर नोएडाचा असू शकतो, हिंदी-इंग्रजीत बोलेल. तुझे सुपरवायझर काका इंग्रजीला बिचकत असतील तर त्यांना आधीच सांग की हिंदीत बोला, बिनधास्त बोला. मेलवर येणारा इंग्रजी फॉर्म भरायला दुसरं नाव ठेव. भाषेपायी त्या काकांना यादीतून काढू मात्र नकोस, तुझं काम सगळ्यात जवळून त्यांनीच बघितलंय.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. किती काळ बरोबर काम केलं, कोण कुणाला रिपोर्ट करायचं, काम कसं, वेळ पाळते का, लोकांशी जमतं का, का सोडलं, आणि शेवटी दोन अवघड, कमी कुठे पडते आणि संधी मिळाली तर परत घ्याल का. कमी कुठे पडते याबद्दल तू स्वतःच सरांशी बोल. विचार त्यांना, सर मी कुठे कमी पडायचे. तुला ऐकायला जड जाईल, पण एक तर तुला ते कळेल, आणि दुसरं म्हणजे इंटरव्ह्यूत तू स्वतःबद्दल जे सांगितलंयस ते आणि सर सांगतील ते उलटसुलट नको. मी स्वतः "काहीच कमी नाही, परफेक्ट आहे" असं ऐकलं की पुढचं सगळं जरा हात राखूनच लिहायचे, आणि "आधी रिपोर्ट लिहायला वेळ लावायची, मग सुधारली" असं ऐकलं की त्या माणसाच्या बाकीच्या कौतुकावर पण विश्वास बसायचा.

हे नंबर रिझ्युमेवर छापून नोकरीच्या साइटवर टाकू नकोस हं, सरांना दिवसभर कन्सल्टन्सीचे फोन जातील. आणि निकाल काही पण लागो, तिघांना फोन करून सांग. झालं तर पेढे दे, नाही झालं तरी सांग, कारण मग त्यांना दुसऱ्यांदा विचारता येतं. निकाल कळवायला विसरणारी खूप माणसं बघितलीत मी आणि पुढच्या वेळी त्यांचा फोन उचलायला कुणी उत्सुक नसतं.

राहिले डिप्लोमाचे सर. तू फ्रेशर असतीस तर पहिलं नाव त्यांचंच टाक म्हटलं असतं. आता सहा वर्षांचा अनुभव आहे तर फॉर्ममध्ये प्रोफेशनल रेफरन्सच्या जागी नको, तिथे एचआर नोकरीतलाच माणूस शोधेल. पण सरांना फोन मात्र कर, कारण पॉलिटेक्निकच्या सरांना आपले जुने विद्यार्थी कुठल्या कंपनीत कुठे आहेत हे तोंडपाठ असतं, आणि नाशिकच्या कंपनीतून सोडून गेलेले तुझे ते डेव्हलपमेंटवाले सिनियर आता कुठे आहेत हे तुला त्यांच्याकडूनच कळेल असं मला वाटतं.